ताई आणि तुतीचा पाला

९ जानेवारी

छापखाना बंद पडून आज नऊ दिवस झाले. एकतीस वर्षं मी तिथे पुस्तकं बांधली. पानं जुळवायची, शिवायची, सरस लावायचा, पुठ्ठा चढवायचा. शेवटच्या दिवशी मालक म्हणाले, आठवण म्हणून ज्याला जे हवं ते न्या. कोणी कात्री नेली, कोणी खुर्ची. मी ही कोरी वही आणली. माझ्याच हातची बांधणी आहे, पानं तरी सुटणार नाहीत.

पण लिहायचं काय? सकाळी उठतो, मागच्या पायरीवर बसतो, जेवतो, परत पायरीवर. ताई शिवणयंत्रावरून बघत असते. ती माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. तेव्हापासून आई म्हणा, ताई म्हणा, तीच एक. पुढे मेहुणे वारले, भाची शाळेतल्या नोकरीसाठी दूरच्या शहरात गेली, तेव्हा मी माझं चंबूगबाळं उचलून ताईकडे राहायला आलो. माझं लग्न झालं नाही. "एका मुलीचं कल्याण झालं," असं ताई त्यावर म्हणते.

आज मला म्हणाली, "धाकट्या, आणखी चार दिवस असाच बसलास तर तुझ्यावर धूळ साचेल. मग मला फडकं मारावं लागेल."

सत्तावन्नचा झालो तरी मी धाकट्याच.

थोड्या वेळाने परत म्हणाली, "परसातली तुती फार माजलीय. माझ्या खिडकीतला उजेड खाते. सुईत दोरा ओवता येत नाही. छाट तिला जरा."

उद्या बघतो.

१२ जानेवारी

तुती छाटली. हात सोलवटले, पण जेवण गोड लागलं.

फांद्या फाटकाबाहेर टाकत होतो तेवढ्यात कोपऱ्यावरच्या रोपवाटिकेतला माळी सायकल थांबवून उतरला. "बाइंडर, चांगला माल फेकताय," म्हणाला. खाली बसून त्याने एक काडी निवडली. पेन्सिलीएवढी जाड, वीतभर लांब, तीन-चार डोळे असलेली. खालच्या डोळ्याच्या जरा खाली तिरका काप घेतला. "दोन हिस्से मातीत, एक हिस्सा वर. माती ओली ठेवायची, चिखल करायचा नाही. आणि उलटी लावू नका. डोळ्याचं टोक आभाळाकडे."

मग तो बोटांवर तुतीचे उपयोग मोजायला लागला. पाला रेशमाच्या किड्यांना, उरला तर शेळ्यांना. फळं माणसांना आणि पाखरांना. लवचिक फांद्यांच्या टोपल्या. सालीचा कागद. तसा कागद छापखान्यात एकदा माझ्या हाताखालून गेला होता. मऊ, आणि फाडू म्हटलं तर फाटेना. मी खूश होऊन ऐकत होतो. शेवटी तो म्हणाला, "आणि पाल्याचा काढा साखरेवर चांगला म्हणतात."

तिथे माझे कान टवकारले. ताईला चौदा वर्षं साखरेचा आजार आहे. सकाळी एक गोळी, संध्याकाळी एक. त्या गोळ्यांनी पोटात ढवळतं, म्हणून रोज कुरकुर.

१६ जानेवारी

वाचनालयात जाऊन आलो. चार लेख आणि एक जाडजूड पुस्तक पाहिलं (शिवण चांगली, पण सरस स्वस्तातला). तुतीच्या पानात एक द्रव्य असतं, त्यामुळे जेवणातली साखर रक्तात सावकाश उतरते. फळात लोह आणि जीवनसत्त्वं. पुढे बारीक अक्षरात बरंच काही होतं, अजून तपासणी हवी, वैद्यकीय सल्ला घ्यावा वगैरे. असलं सगळ्याच पुस्तकांत छापलेलं असतं. मीच हजार वेळा बांधलंय.

साठ काड्या लावल्या, रिकाम्या डब्यांत आणि दुधाच्या पिशव्यांत. ताईने खिडकीतून मोजल्या. "साठ? जंगल करतोस काय?"

५ फेब्रुवारी

डोळे फुटले! एकेका काडीवर दोन-दोन पोपटी पानं. पळसाला पानं तीनच, पण तुतीचं तसं नाही. एकाच झाडावर एक पान बदामासारखं, दुसरं हातमोज्यासारखं कापलेलं. राहवेना म्हणून एक काडी उपटून पाहिली. खाली काहीच नाही, कोरडं लाकूड.

माळी ओरडला. "पान फुटलं म्हणजे जगलं असं नसतं हो. काडीतल्या शिल्लक रसावर पान फुटतं. मुळं नंतर. तोवर हात लावू नका."

मला मेल्याला धीरच नाही.

२० फेब्रुवारी

छाटलेल्या झाडाला भराभर नवा फुटवा आलाय. कोवळा पाला खुडून आठवडाभर सावलीत वाळवला, हाताने चुरला आणि आज पहिला काढा केला. ताईने घोट घेतला, डोळे मिटले.

"कसा आहे?"

"भिजलेला पुठ्ठा कधी खाल्लायस?"

"सरस चाखलाय."

"मग तुला कळेल."

पण पेला संपवला. हसता हसता माझ्याकडे टक लावून बघत राहिली. "काय गं?" म्हटलं, तर म्हणाली, "काही नाही. किती दिवसांनी तुझे दात दिसले."

४ मार्च

रोज सकाळी तिच्या छोट्या तपासणी-यंत्रावर मी तिची साखर मोजतो. एकशे अडुसष्ट होती. मग एकशे एकोणपन्नास. आज एकशे एकोणचाळीस! ताई हल्ली चहातही साखर घालत नाही, रोज संध्याकाळी रोपवाटिकेपर्यंत चालतही जाते. माझ्या काढ्याने अंगात उत्साह आलाय, दुसरं काय.

मला वाटतं पाला काम करतो तर गोळ्यांची गरजच काय? आज तिला म्हटलं, "संध्याकाळची गोळी सोडून बघू या का? तुझं पोटही बिघडतं."

ती पडद्याची दुमड घालत होती. हात थांबला. "तुला वाटतं तसं?"

"वाटतं काय, आकडे बोलताहेत."

"डॉक्टरीणबाईंना विचारायचं?"

"त्या काय हो म्हणणार? उद्या सगळे पाला प्यायला लागले तर दवाखान्यात माशा मारत बसावं लागेल."

ताई हसली. "बरं. तू म्हणतोस तर सोडते."

१९ मार्च

तुती पिकली. हिरवी, मग लाल, मग काळी. माझे हात जांभळे झालेत. माळी म्हणतो, कच्चं फळ चोळलं की पिकल्याचा डाग जातो. करून पाहिलं, बराचसा गेला! ह्या झाडाकडे सगळ्यावर उतारा आहे.

ताईला वाडगा भरभरून फळं दिली. आजपासून सकाळची गोळीही बंद. गोळ्यांचा डबा तिने स्वतः आणून माझ्या हातात दिला. "ठेव तुझ्याकडे. पोरीला काही बोलू नकोस, उगाच तिकडून ओरडत बसेल."

वाळवलेल्या पाल्याची विकायची पाकिटंही तयार झाली. जाड खाकी कागद, शिवलेलं तोंड, वर माझ्या हातचं अक्षर: 'तुतीपाला. साखरेच्या गोळ्यांना रामराम.' पहिलं पाकीट घड्याळजींनी नेलं. समोरच्या दुकानात घड्याळं दुरुस्त करतात, त्यांनाही साखर आहे. बाकीची नाक्यावरच्या दुकानदाराने ठेवून घेतली. एकतीस वर्षं दुसऱ्यांची नावं पुठ्ठ्यावर चढवली. हे पहिलं माझं.

२८ मार्च

साखर मोजायच्या पट्ट्या संपल्या. आणतो म्हटलं, तर ताई म्हणाली, "राहू दे. रोज बोट कशाला टोचायचं? मला बरं वाटतंय ना."

तिला बरं वाटतंय, यापेक्षा वेगळं काय हवं?

८ एप्रिल

ताई बारीक झाली! आज तिने स्वतःचेच दोन झगे कमरेत दोन-दोन इंच आत घेतले. डॉक्टरीणबाई चौदा वर्षं वजन कमी करा, वजन कमी करा म्हणून घसा कोरडा करत होत्या. माझ्या झाडाने महिन्यात केलं. उन्हाळा कडक आहे, तांब्यामागून तांब्या पाणी पिते. दुपारी यंत्रावर मान टेकून झोपलेली दिसली. एरवी दुपारी तिला झोप म्हणून येत नसे. शांत झोप हीसुद्धा औषधाचीच खूण, असं एका लेखात होतं.

सत्तेचाळीस काड्यांना मुळं धरली आहेत.

१५ एप्रिल

आज एक गंमतच झाली. संध्याकाळी ताई स्वयंपाकघरात चालत होती आणि फरशीवर टक् टक् आवाज येत होता. मी म्हटलं, "नाचतेस काय?" पाय वर करून पाहिलं तर तळव्यात टाचणी! डोक्यापर्यंत आत गेलेली. कधी रुतली, तिला पत्ताच नाही. बहुतेक सकाळपासून. तिने नुसती उपटून काढली, टाचणीच्या उशीत खोचली आणि यंत्रावर जाऊन बसली.

"दुखलं नाही?"

"नाही रे. शिंप्याचे पाय म्हणजे लाकूड."

घड्याळजींना सांगितलं तर तेही हसले. पण त्यांच्या बायकोने विचारलं, "साखर असून पायाकडे असं दुर्लक्ष?" म्हटलं, साखर होती, आता नाही.

२४ एप्रिल

दुकानदाराने आणखी चाळीस पाकिटं मागितली. सकाळी पाला खुडणं, दुपारी वाळवणं, मग शिवणं. ताई पाकिटांची तोंडं शिवायला मदत करते. एक जण कागद शिवतोय, दुसरी कापड सोडून कागद शिवतेय, आणि दोघं गाणी म्हणतोय. बऱ्याच वर्षांनी.

टाचणीच्या जागी छोटं छिद्र राहिलंय, भोवती लाल. मी तुतीचा पाला वाटून बांधला. ती हल्ली घरातही मोजे घालते.

२ मे

भाचीचा फोन आला. "मामा, आईचा आवाज असा का येतोय? जड, ओढल्यासारखा." मी म्हटलं, ऊन फार आहे गं. मग म्हणाली, "बरं. तू आहेस ना तिथे."

मी आहेच.

५ मे

ताईला थोडी कणकण आहे. जेवली नाही. खोलीत कसलातरी वास येतोय. उंदीर मेला असेल म्हणून कपाटं सरकवून पाहिली. काही सापडलं नाही.

७ मे

मोजा मी काढला. सकाळी तिला उठवता येईना, तेव्हा.

पाय काळा.

१० मे

रुग्णालयाच्या ओसरीत बसून लिहितोय. वही मांडीवर आहे, अक्षर येईल तसं येवो.

त्या दिवशी तपासणाऱ्या डॉक्टरांनी विचारलं, साखर पाचशेच्या वर आहे, गोळ्या घेत होत्या ना? मी खाटेच्या पायथ्याशी उभा होतो. ताईला तोवर जरा शुद्ध आली होती. तिने डोळे न उघडता सांगितलं, "मीच बंद केल्या. ह्याला माहीत नव्हतं. मी लपवून ठेवलं."

डॉक्टर माझ्याकडे वळले. "तुम्हाला कल्पना नव्हती?"

मी मान हलवली. नाही म्हणून.

लिहिलं शेवटी. ज्या मानेने हे केलं ती अजून खांद्यावर आहे.

काल गुडघ्याखाली पाय काढला. भाची आली आहे. ती आईजवळ बसते तेव्हा मी इथे येऊन बसतो, आणि ती चहा प्यायला बाहेर आली की मी आत जातो. एका वेळी एकालाच सोडतात. हा नियम नसता तर मी काय केलं असतं कोण जाणे.

११ मे

आज सकाळी ताई बराच वेळ जागी होती. चेहरा कागदासारखा पांढरा. मी हळूच विचारलं, "असं का सांगितलंस?"

"कसं?"

"मला माहीत नव्हतं म्हणून."

"तुला ह्याच गल्लीत राहायचंय. लोक बोलले असते."

"तू बरी झालीस की मी सांगणार आहे सगळं."

"गप्प बस. मोठी मी आहे." मग डाव्या हाताने माझी कॉलर ओढून सरळ केली. "बटण तुटलंय तुझं. पोरीला सांग लावायला, तुला यायचं नाही."

"मला शिवता येतं, ताई."

"पुस्तकं येतात. बटण वेगळं."

१३ मे

विष रक्तात पसरलं होतं. पाय काढायला उशीर झाला, असं डॉक्टर म्हणाले. दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी ताई गेली.

२ जून

तीन आठवडे वही उघडली नाही.

भाची बारा दिवस राहिली आणि परत गेली. सगळं आवरलं, शिवायला आलेले कपडे ज्याचे त्याला पोचवले. माझ्याशी नीट वागली. नीटच वागली, हेच सहन होत नव्हतं. बटणही लावून दिलं.

आज कुऱ्हाड घेऊन परसात गेलो. दोन घाव घातले. माळी कुंपणापलीकडून बघत होता. धावत आत आला आणि दांडा धरला.

"काय करताय बाइंडर?"

"ह्या झाडाने ताईला मारलं."

तो दांडा सोडेना. म्हणाला, "झाडाने म्हटलं होतं का, गोळ्या सोडा म्हणून?"

त्याला माहीत आहे की सहज बोलला, कळलं नाही. कुऱ्हाड तोच घेऊन गेला.

१२ जून

घड्याळजी आले. खुर्चीवर बसले, ताईंची आठवण काढली, डोळे पुसले. मग म्हणाले, "पण तुम्ही काम थांबवू नका. तुमचा पाला घेतोय तर माझी साखर कशी आटोक्यात आहे. आता एक पाकीट द्या. मी तर म्हणतो, तुम्ही लिहिलंय तसं गोळ्यांना रामराम ठोकावा."

मी उठलो. पाणी आणायला म्हणून आत गेलो आणि भिंतीला टेकून उभा राहिलो. बाहेर ते माझं नाव घेऊन हाक मारत होते. वाटलं, नुसतं म्हणावं पाला संपला. तेवढ्याने भागलं असतं का? ते दुसरीकडून पाला आणतील, माझंच वाक्य मनात धरून.

बाहेर आलो. म्हटलं, "ताईच्या गोळ्या मी बंद केल्या होत्या."

"तुम्ही? पण त्यांनी स्वतःच..."

"ती खोटं बोलली. माझ्यासाठी. साखर उतरली होती ती गोळ्या चालू होत्या म्हणून, गोड सोडलं म्हणून, चालायला लागली म्हणून. पाल्याने थोडं काही झालं असेल, नसेल. मी सगळं श्रेय पाल्याला दिलं. ती वाळत चालली तेव्हा मी म्हटलं गुण आला. पायात टाचणी रुतलेली कळली नाही तेव्हा मी हसलो. तुम्हाला येऊन सांगितलं होतं, आठवतं?"

घड्याळजींनी हातातली टोपी डोक्यावर ठेवली. मग उठले. दारात थांबून म्हणाले, "मीही हसलो होतो." आणि गेले.

आता तासाभरात गल्लीला कळेल. त्याआधी भाचीला माझ्याच तोंडून कळायला हवं. फोन करतो.

१३ जून

काल फोन केला. सगळं सांगितलं. मार्चपासून, एकेक. डबा माझ्याकडे होता हेही. पट्ट्या आणल्या नाहीत हेही. रुग्णालयात मान हलवली तेही.

"ऐकतेयस?"

"मला माहीत होतं, मामा."

"काय माहीत होतं?"

"गोळ्यांचं मला एप्रिलमध्येच कळलं होतं. आईनेच सांगितलं. मी खूप ओरडले तिच्यावर. मी म्हटलं, मामाला दे फोन, आत्ता. तर म्हणाली, 'तुला नाही माहीत तो जानेवारीत कसा झाला होता. मागच्या पायरीवर बसायचा आणि माझ्या हाकेला ओ द्यायचा नाही. मला यंत्र सोडून उठायची भीती वाटायची. आता गुणगुणतो. पाकिटं शिवतो. फळं संपली, पाला आटला की मी गुपचूप गोळ्या सुरू करीन. तेवढे दिवस जाऊ देत.' आणि मी जाऊ दिले. परीक्षा चालू होत्या, शाळेतून रजा मिळत नव्हती. म्हटलं, मेमध्ये जाईन तेव्हा बघू."

मला वाटायचं ताईचा माझ्या पाल्यावर विश्वास बसलाय.

मी काहीतरी बोलायला गेलो तर भाची म्हणाली, "आत्ता नको. मला तुझा रागही येतो आणि माझाही, आणि आईचा सगळ्यात जास्त." मग फोन ठेवला. सकाळी वाटलं परत येईल. आला नाही.

तिला माहीत होतं. ताईलाही माहीत होतं. फक्त आकडे वहीत लिहून ठेवणाऱ्या मला माहीत नव्हतं. यातून माझं ओझं कमी व्हावं म्हणून भाचीने सांगितलं नसेल. कमी झालेलंही नाही.

१७ जून

परवा दुकानदाराकडे गेलो. गल्लीत दोघं-तिघं बोलायचे थांबले. थांबू देत.

उरलेली पाकिटं काढून घेतली. विकलेली कोणी कोणी नेली ते आठवायला लावलं. त्याने डोकं खाजवत, गिऱ्हाइकांना आठवत, तेरा घरं सांगितली. दोन दिवस दारोदार फिरतोय. एकच प्रश्न विचारतो, गोळ्या चालू आहेत ना? सात जणांनी पाकीट फोडलंच नव्हतं. एकाने बकरीला घातलं. एक बाई म्हणाल्या, "बहिणीला मारलंत, आता आमची चौकशी का?" मी म्हटलं, "म्हणूनच." त्यांनी दार लावून घेतलं, पण लावता लावता सांगितलं, चालू आहेत.

आता एकच घर उरलंय.

१९ जून

ते घर इस्त्रीवाल्याचं. त्याची सासू असते घरी, पंच्याहत्तरीची. जावई पहाटेपासून दुकानात, मुलगी कारखान्यात. आजी दारात उभ्या राहिल्या, सुकलेल्या, ओठांना चिरा पडलेल्या. विचारलं, गोळ्या चालू आहेत ना?

"छे! तुमच्या पाकिटावरच लिहिलंय की रामराम म्हणून. महिना झाला."

म्हटलं, चला माझ्याबरोबर. नाही म्हणाल्या. मी पायरीवर बसलो आणि म्हटलं, चला नाहीतर मी इथून हलत नाही. खूप शिव्या दिल्या, जुन्या ठेवणीतल्या, मग चपला घातल्या.

कोपऱ्यावरच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी बोट टोचलं. चारशे बारा. पावलं उलटीपालटी करून, बोटांच्या बेचक्यांतून बघितली. जखम नव्हती. "वेळेत आणलंत," म्हणाल्या. मग मला नीट ओळखलं. "तुम्ही ह्यांचे कोण?"

चौदा वर्षं ताईला तपासणारी बाई. तिच्या डोळ्यांत बघून मला सांगावं लागलं. "ह्यांच्या गोळ्या माझ्यामुळे बंद झाल्या. माझ्या बहिणीच्याही. रुग्णालयातल्या कागदावर तिनेच सोडल्या असं लिहिलंय. ते खरं नाही."

त्यांनी पेन खाली ठेवलं. मी वाट बघत होतो, त्यांनी मला घालवून द्यावं म्हणून. शेवटी थकल्यासारख्या म्हणाल्या, "पाल्याचं मला विचारलं असतंत तर मी नाही म्हटलं नसतं. गोळ्यांबरोबर घ्या म्हटलं असतं, साखर फार उतरत नाही ना ते बघितलं असतं. एवढंच होतं ते."

एवढंच.

मग आजींकडे बघून म्हणाल्या, "ह्यांनी रोज गोळी घेतली का, हे बघायला घरी सकाळी कोण असतं?"

आजी म्हणाल्या, "कोण असणार? मीच."

मी म्हटलं, "मी येत जाईन."

४ जुलै

रोज सकाळी आठला जातो. आजींना मी अजिबात आवडत नाही. पहिल्या दिवशी दाराला कडी घातली. तिसऱ्या दिवशी गोळी गालात ठेवून माझ्यापाठी थुंकली, ती मला उंबऱ्यात सापडली. आता मी त्यांना जीभ दाखवायला लावतो. साखर दोनशे दहावर आली आहे. मोजून आणतो, आणि आकडा डॉक्टरीणबाईंना नेऊन देतो. त्याचा अर्थ मी लावत नाही.

भाचीने पत्र पाठवलंय. चार ओळी आहेत. दिवाणखान्यातलं कपाट कोणाला द्यायचं ते लिहिलंय, आणि खाली, 'जेवतोस ना?' मी उत्तरात जेवतो लिहिलं. मग ते खोडून, काल आणि आज काय काय खाल्लं ते लिहिलं.

आज पोचायला पाच मिनिटं उशीर झाला. दार बंद होतं. मी वाजवायच्या आधीच आजी आतून ओरडल्या, "घेतली हो, घेतली! बरं आहे मला! जा तुम्ही!"

आवाज ठणठणीत होता. शेजारची बाई हसून मला म्हणाली, घेतली म्हणताहेत ना, जा आता.

मी गेलो नाही. पुन्हा कडी वाजवली. म्हटलं, "आजी, दार उघडा. मला बघायचंय."